अकरा नंबरची कॅसेट

"खुर्ची रिकामी आहे असं समजूच नका," किन्हीकर सर म्हणाले. "ज्याच्याशी बोलायचं राहून गेलं, ते माणूस तिच्यावर बसलंय. हं, बोला त्यांच्याशी."

मला तर नुसती खुर्चीच दिसत होती. लोखंडी पायांची, पाठीवर पांढऱ्या रंगानं नंबर टाकलेली विद्यापीठाची खुर्ची. तिच्या अन् माझ्या मध्ये टेबल, टेबलावर टेपरेकॉर्डर. लाल बटण दाबलेलं, कॅसेट फिरून राहिलेली. पाठीमागं बाकांवर वीसेक मोठी माणसं गुपचूप बसलेली. मे महिना, वऱ्हाडातलं ऊन, खिडकीत कूलर घरघरतोय. आणि मी, जिल्हा परिषदेत दिवसभर टाइपरायटर बडवणारी मंदाकिनी गावंडे, जिच्या तोंडी लागायला आमचे हेडक्लार्कसुद्धा कचरायचे, ती मी नुसती तोंड उघडून बसलेली. शब्द फुटेल तर शपथ!

"घाई नाही," सर म्हणाले. "आधी हाक मारा. मग येतं आपोआप."

त्या खुर्चीवर कोणाला बसवायचं ते मला चांगलं ठाऊक होतं. माझ्या सासूबाई, अनुसयाबाई गावंडे. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. त्या जाऊन सात महिने झाले होते, आणि त्याच्या आधीची नऊ वर्षं त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

एक शब्द म्हणजे एक शब्द. उगाच वाढवून सांगत नाही. माझे यजमान विलास हे त्यांचा एकुलता एक मुलगा. लग्नाला चार वर्षं झालेली, मूल नव्हतं. चुलतबहिणीच्या लग्नाला मी माहेरी दर्यापूरला गेले होते आणि लग्न आटोपलं की विलास स्कूटरवर मला घ्यायला येणार होते. त्या दिवशी सकाळपासून ऊन नुसतं भाजून काढत होतं. मी आमच्या शेजारी पाटण्यांकडे फोन केला आणि निरोप ठेवला, "त्यांना म्हणावं, येऊ नका. मी एसटीनं येते." पाटणेकाकू म्हणाल्या, "आत्ता देते." तरी विलास निघालेच. अर्ध्या वाटेवर ट्रकनं उडवलं. मी एसटीतून उतरून रिक्षानं घरी आले, तर दारात माणसं उभी.

त्या दिवसापासून आत्याबाईंचं तोंड मिटलं. आधी कशी होती म्हणता ही बाई! सकाळी दूधवाल्याशी बोलायला लागली की गल्लीच्या टोकाला कळायचं, आज गावंड्यांकडे दूध पातळ आलं. हसायची तर भांडी वाजल्यासारखी. तीच बाई मान हलवून हो-नाही करायला लागली. डॉक्टर म्हणाले, गळा ठणठणीत आहे, मनाला लागलंय. गल्लीतल्या बाया डॉक्टरापेक्षा हुशार. त्या म्हणायच्या, "सुनेले घ्याले गेला अन् जिवानिशी गेला बाप्पा! कशी बोलंल थे तिच्यासंग?" माझ्या पाठीमागं म्हणायच्या, पण मला ऐकू येईल एवढं मोठ्यानं म्हणायच्या.

आणि मलाही तेच वाटायचं, दुसरं काय वाटणार? जगात त्यांना माझ्याशिवाय कोणी नव्हतं आणि इथं मलाही त्यांच्याशिवाय कोणी नव्हतं. दोघी एका छपराखाली राहिलो. सकाळ-संध्याकाळ मी विचारायची, "चहा ठेवू?" त्या मान हलवायच्या. हेच आमचं बोलणं. दिवाळीच्या आधी एका पहाटे त्या झोपेतच गेल्या, आणि मग मान हलवायलाही कोणी राहिलं नाही.

बरं, इथवर सगळं सरळ होतं. माणसं अबोला धरतात, अबोल्यातच जातात. पण तेरवीला बोंडेकाका आले.

जेवणाच्या पंगती उठत होत्या. एक उंच, वाळकेसे गृहस्थ दारात चप्पल काढून आत आले. खांद्याला चामड्याची जुनी पिशवी. एसटीत कंडक्टर होते हे पुढं कळलं. पिशवी पेन्शनीतही सुटली नव्हती. फोटोपुढं हात जोडले आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "फार वाईट झालं, बाई. आमी एका वर्गातले."

"कोणत्या वर्गातले?"

"विद्यापीठाच्या. उन्हायी वर्ग असते ना, संभाषणाचा. आवंदा मे मयन्यात संगंच होतो. काय बोलाच्या वो बाई! सारा वर्ग कान टवकारून बसे."

माझ्या हातात पत्रावळींची चळत होती, ती मी खाली ठेवली. "काका, तुमचं घर चुकलं. आमच्या आत्याबाई बोलत नव्हत्या."

त्यांनी फोटोकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. "अनुसयाबाई गावंडे. हनुवटीवर गोंदन. घर नाई चुकलं." मग हळूच म्हणाले, "तुमीच मंदा ना?"

मंदा मला फक्त विलास आणि त्यांची आई म्हणायचे. ऑफिसात मी गावंडे मॅडम, गल्लीत गावंडेबाई.

"काय बोलल्या त्या?" मी विचारलं. "माझ्याबद्दल काय बोलल्या?"

काकांनी दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावला. "थे नाई सांगता येत. सरचा नियम हाय. खुर्चीपुढचं खोलीतच राह्यते. पन टेप होते सगड्याईचं."

एवढं बोलून माणूस बुंदीचा लाडू न खाताच निघून गेला. मी त्या रात्री, त्याच्या दुसऱ्या रात्री, आणि पुढं कित्येक रात्री एकच गोष्ट घोळवत पडले. म्हणजे बाईला बोलता येत होतं. मी ऑफिसला गेले की पातळ बदलून, पिशवी घेऊन, बसनं विद्यापीठात जाऊन परक्या लोकांपुढं बोलत होती, आणि घरी येऊन माझ्यापुढं मुकी होत होती! काय बोलली असेल? शिव्या दिल्या असतील मला? पोरगा खाल्ला म्हणाली असेल? मला ते ऐकायचंच होतं. वाईट असलं तरी चालेल, पण त्या आवाजात, त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

आणि मग एकेक आठवायला लागलं. त्याच मे महिन्यात त्यांनी एक नवंच खूळ धरलं होतं. स्वयंपाकघरात पाटावर बसणारी बाई, पण बाहेरच्या खोलीतली लाकडी खुर्ची ओढत आत आणायची, ती समोर ठेवायची आणि आपण स्टुलावर बसून तिच्याकडं बघत राहायची. ओठ हलायचे, आवाज नाही. मला वाटलं, उन्हानं डोकं फिरलं. मी खुर्ची उचलून बाहेर नेऊन ठेवायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा आत. एकदा ऑफिसातून दमून आले, कुकर लावला आणि लसूण सोलायला त्याच खुर्चीवर टेकले. त्या समोर. त्यांनी एकदम माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तोंड उघडलं. गळ्याची शीर ताठ झाली. मी म्हटलं, "काय? पाणी पायजे?" तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. शिट्टीतून वरण उतू आलं होतं, मी धावले. गॅस बारीक करून वळले तर खुर्ची भिंतीला लावलेली आणि बाई देवघरापुढं.

असं सगळं. म्हणून पुढच्या मे महिन्यात मी रजा टाकली आणि विद्यापीठात जाऊन नाव नोंदवलं.

कॉलेजची पोरं सुट्टीत गावी गेली की विद्यापीठ आमच्यासारख्यांना आत घेई. निरंतर शिक्षण विभागाचे उन्हाळी वर्ग. दरवर्षी ठरलेले. शिकलेले असा नसा, या. एका खोलीत शिवण, एका खोलीत मधमाशा पाळणं, एकीत प्रथमोपचार, आणि व्हरांड्याच्या टोकाला आमचा संभाषण वर्ग. वसतिगृहं ओस पडलेली, मैदानात वावटळी भिरभिरताहेत, मोठमोठ्या जिन्यांवर आपल्याच चपलेचा आवाज. पहिल्या दिवशी त्या व्हरांड्यातून चालताना मला सारखं वाटत होतं, माझ्या पुढं दोन खांब सोडून कोणीतरी चाललंय. पातळाचा काठ दिसेल म्हणून मी मान वाकडी करून बघितलंसुद्धा.

वर्गात बोंडेकाका होतेच. ते दरवर्षी नाव घालायचे. "घरी आमची मंडई बोलू देत नाई," बायकोबद्दल म्हणायचे. "वर्षाचं सारं इथंच बोलून घेतो." टेपरेकॉर्डरची बटणं दाबायचं काम त्यांनी स्वतःकडं घेतलेलं. मला पाहून त्यांचा चेहरा उतरला.

किन्हीकर सर पूर्वी नाटकात काम करायचे. आवाज असा, की 'खिडकी लावा' म्हटलं तरी ऐकत राहावं. पण नियमाचे कडक. पहिल्या दिवशी खुर्चीपुढं बोलायचं, ते टेप व्हायचं. शेवटच्या दिवशी ज्याचं त्याला ऐकवायचं, आणि मग पुन्हा एकदा खुर्चीपुढं बोलायचं. मधल्या दिवसांत आवाज, श्वास, शब्द. हजेरीत आडनावाप्रमाणं नंबर पडत, आणि नंबराप्रमाणं कॅसेट. माझा नंबर अकरा.

तास सुरू व्हायच्या आधीच मी सरांना गाठलं. "सर, मागच्या वर्षीच्या कॅसेटी असतील ना?"

"का हो?"

"माझ्या सासूबाई होत्या वर्गात. मला त्यांची ऐकायची आहे."

सरांनी चष्मा काढून पुसला. "ज्याची त्यालाच ऐकवतो, बाई. दुसऱ्या कोणाला नाही. तेवढ्या विश्वासावर माणसं इथं तोंड उघडतात."

"पण ज्याची ती आता नाहीच, तर?"

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "आधी तुम्ही बोला," ते म्हणाले. "मग बघू."

मग बघू! तेवढ्यावर मी जीव टांगला. आपण नीट बोललो, वर्ग नीट केला, तर शेवटी सर विरघळतील आणि कुठल्या तरी कपाटातून आत्याबाईंची कॅसेट काढून देतील. या आशेवर मी त्या खुर्चीपुढं बसले होते, आणि कॅसेट फिरत होती.

"आत्याबाई," मी म्हटलं.

एवढा एक शब्द गेला आणि काय झालं कोण जाणे. पाट फुटावा तसं वाहायला लागलं.

"आत्याबाई, मी काय केलं होतं हो तुमचं? नऊ वर्षं मी भिंतीशी बोलले. ताप आला तर माझी मीच कपाळावर पट्टी ठेवली आणि तुम्ही दारात उभ्या राहून बघितलंत. बघितलंत! तेवढंच. एकदा म्हणायचं होतं, बरं वाटतं का. लोक मला नवरा खाल्लेली म्हणत होते, तुम्ही एकदा बाहेर येऊन त्यांना गप्प करायचं होतं. तुमचा आवाज तर असा होता की अर्धी गल्ली गप्प झाली असती..."

मी खूप बोलले. पहिल्या वर्षापासून सुरुवात केली आणि एकही वर्ष सोडलं नाही. संक्रांतीला त्यांनी माझ्या हातचा तिळगूळ घेतला पण तोंडातून 'गोड बोल' निघालं नाही, तेही सांगितलं. माझं प्रमोशन झालं त्या दिवशी मी पेढे आणून ताटलीत ठेवले, तर त्यांनी एक खाल्ला आणि आत जाऊन पडल्या, तेही सांगितलं. कोणी थांबवलं नाही. पाठीमागं एक बाई मुसमुसायला लागली तरी मी थांबले नाही. शेवटी आवाज फाटला.

"मी त्यांना नको म्हटलं होतं येऊ. निरोप ठेवला होता मी. येऊ नका, ऊन आहे, मी एसटीनं येते. निरोप मिळूनही तुमचा मुलगा हट्टानं निघाला, त्यात माझा काय दोष? सांगा ना! आतातरी बोला. बोला की हो!"

बोंडेकाकांनी खट्‌कन बटण बंद केलं. मग माझ्याकडं न बघताच ते डब्यातल्या कॅसेटी मागंपुढं लावत बसले. मला वाटलं, माझ्या बोलण्यानं. मी उठून उभी राहिले तर इतकं हलकं वाटत होतं की जणू डोक्यावरची मोळी उतरवली.

मग बाकीचे दिवस गेले. श्वास पोटातून घ्यायला शिकलो, एकमेकांच्या डोळ्यांत बघून बोलायला शिकलो. दुपारच्या सुट्टीत मी डबा घेऊन बोंडेकाकांच्या शेजारी बसायची. एक दिवस त्यांना आवडतात म्हणून मुद्दाम मुगाचे वडे नेले.

"काका, एवढंच सांगा. शिव्या दिल्या का त्यांनी मला?"

"वडे झकास झाले, बाई."

"काका!"

ते चावायचे थांबले. "शिव्या नाई देल्ल्या. आता नोका विचारू. मले खोटं बोलता येत नाई अन् खरं बोलता येत नाई. मधातल्या मधात पंचाईत करता माही."

शिव्या नाहीत, तर मग काय? ते तर आणखीच जिवाला लागलं. व्हरांड्याच्या त्या टोकाला गेलं की मी आपोआप थांबायला लागले. एकदा तर कूलरच्या घरघरीत स्पष्ट ऐकू आलं, 'मंदा'. मी वळले. मागं कोणी नव्हतं.

शेवटच्या दिवशी सर एकेकाला आतल्या खोलीत घेत. आत सर, बोंडेकाका आणि ज्याची कॅसेट तो, बस. माझा नंबर आला. काकांनी डब्यातून अकरा नंबरची कॅसेट काढली, मशीनमध्ये सारली. मी खुर्चीवर बसले. माझा आवाज सुरू झाला.

आपलं आपण ऐकणं फार वाईट. तेव्हा वाटलं होतं, मी रडत होते. टेपवर ऐकलं तर मी भांडत होते. एकेक वर्ष येऊन गेलं, तिळगूळ, पेढे, ताप. मी खाली मान घालून ऐकत राहिले. मनात एकच, हे संपलं की सरांना विचारायचं. शेवट आला. "...निरोप मिळूनही तुमचा मुलगा हट्टानं निघाला, त्यात माझा काय दोष? सांगा ना! आतातरी बोला. बोला की हो!"

खट्‌. माझा आवाज थांबला. काकांनी बटणाकडं हात नेला.

आणि टेपमधून आत्याबाई बोलल्या.

"...निरोप म्या त्याले देल्लाच नाई, मंदा."

काकांचा हात तसाच हवेत राहिला. सर अर्धवट उठले होते, ते तसेच उभे राहिले. तोच आवाज. जरा बसलेला, घोगरा, पण तोच.

"पाटनीन येऊन सांगून गेली होती. म्या आयकलं, अन् त्याले नाई सांगतलं. इसरली म्हनशीन, तर नाई, इसरली नव्हती. सांगतलं असतं तं थो घरीच राह्यला असता. काहून नाई सांगतलं थे आता तुले सारं सांगतलं, काई लपवून नाई ठेवलं. म्हनून बोलली नाई तुह्यासंग. तोंड उघडलं असतं तं हेच पयले बाहीर निंगालं असतं. लोकं तुले बोलत, अन् म्या आयकत राहो. राग मले तुह्या नव्हता वो बाई. भेव होतं." मग लांबलचक श्वास. "सर म्हनते, इथं बोलता आलं तं घरी बी बोलता येते. पाह्यतो. आता तुले काय म्हनाचं थे म्हन, मंदा. मी आयकून राह्यली."

आणि मग नुसता कूलरचा आवाज. मागच्या मे महिन्यातला कूलर. बाई रिकाम्या खुर्चीपुढं माझ्या उत्तराची वाट बघत बसली होती, आणि ती वाट बघणं टेप होत होतं. बराच वेळ. मग सरांचाच आवाज, हळू, "बस, गावंडेबाई." आणि खट्‌.

मीच पहिल्यांदा बोलले.

"मागं फिरवा. का नाही सांगितलं ते ऐकायचंय. मागं फिरवा ना!"

सरांच्या तोंडाचं पाणी पळालं होतं. "बाई," ते म्हणाले, "विभागाला एकदाच काय त्या कॅसेटी मिळाल्या. दरवर्षी त्याच वापरतो, जुन्यावर नवं. माणसानं आपलं ऐकलं की त्या टेपचं काम झालं, असं मी धरून चालायचो. तुमचं आडनाव तेच, म्हणून नंबर तोच पडला. त्या तुमच्यापेक्षा थोडं जास्त बोलल्या होत्या, तेवढं उरलं. तुम्ही विचारलंत तेव्हाच मी सांगायला हवं होतं. नियम नियम करत बसलो."

"म्हणजे?"

"मागं फिरवून काही मिळणार नाही. मागं तुम्हीच आहात."

मला ते समजायला वेळ लागला. मग समजलं. मी एकेक वर्ष काढून बोलत होते तेव्हा त्याच पट्टीवरून त्यांचा एकेक शब्द जात होता. तिळगूळ म्हणाले तेव्हा काय गेलं? पेढे म्हणाले तेव्हा काय गेलं? मी दोन पेढे कमी सांगितले असते तर? नऊ वर्षं ज्या शब्दाची वाट बघितली तो माझ्या समोर, हाताच्या अंतरावर होता आणि मी बोलून बोलून तो पुसला. मी हसायलाच लागले. सर घाबरले. हसू नव्हतंच ते.

बोंडेकाका पाणी घेऊन आले. माझ्यापुढं उकिडवे बसले. "म्या आयकलं हाय सारं," ते म्हणाले. "मोडतो नियम. सांगू?"

सरांनी अडवलं नाही. खिडकीबाहेर बघत राहिले.

मी हो म्हणायला तोंड उघडलं. खरंच उघडलं. आणि मला पाटणेकाकू दिसल्या, फाटकाशी उभ्या राहून निरोप देताना. एकदा मी माझं बोलणं तिसऱ्याच्या हाती दिलं होतं, त्याचं काय झालं ते आत्ताच ऐकलं होतं. आत्याबाईंनी हे मला सांगितलं होतं, काकांना नाही.

"नको, काका," मी म्हटलं.

"पक्कं?"

"नको."

दुसऱ्यांदा बोलायची वेळ आली. सर म्हणाले, आज राहू द्या. मी म्हटलं, नाही, बोलणार. काका कॅसेट उलटी फिरवायला गेले तशी मी त्यांचा हात धरला. "अगदी पहिल्यापासून नको. फक्त त्यांचं थांबतं तिथवर."

दोनदा मागं-पुढं करावं लागलं. 'मी आयकून राह्यली' आलं, आणि काकांनी बरोबर तिथं थांबवलं. सरांनी रिकामी खुर्ची माझ्यापुढं सरकवली. लाल बटण दाबलं गेलं.

या वेळी मला खुर्ची दिसत नव्हती. हनुवटीवरचं गोंदण दिसत होतं. मला म्हणायचं होतं, का हो? मी एकटीनं एसटीनं येऊ नये म्हणून? पाटणेकाकूंशी तुमचं बिनसलं होतं म्हणून? की माझ्यावरच काही राग होता? विचारायला शंभर गोष्टी होत्या. पण प्रत्येक शब्दाबरोबर त्यांचं ते वाट बघणं पुसलं जात होतं, हे मला आता कळत होतं. तेवढंच त्यांचं उरलं होतं.

"मी आहे, आत्याबाई," मी म्हटलं. "ऐकलं मी."

आणि काकांना खूण केली. त्यांनी बटण बंद केलं.

कॅसेट सरांनी मला दिली, नियम बाजूला ठेवून. आजही ती माझ्या कपाटात आहे. वाजवायचं मशीन आता घरात नाही, पण सगळं पाठ आहे. माझं भांडण, मग त्यांचं तेवढंसं बोलणं, मग 'मी आहे, आत्याबाई, ऐकलं मी', आणि त्याच्या पुढं त्यांचं उरलेलं गप्प बसणं, कूलरसकट. या गोष्टीला पंचवीस-तीस वर्षं झाली. किन्हीकर सर गेले. बोंडेकाका गेले, त्यांच्या तेरवीला मी जाऊन बुंदीचा लाडू खाऊन आले. निरोप का दिला नाही, हे सांगू शकेल असं आता कोणी नाही. चांगलं झालं की वाईट, मला अजून ठरवता येत नाही. काही रात्री फार राग येतो त्यांचा. त्यांचा मुलगा होता, पण माझाही नवरा होता. मग तो घोगरा आवाज येतो, 'भेव होतं', आणि रागाचं पुढं काही होत नाही.

ती लाकडी खुर्ची मी स्वयंपाकघरातच ठेवली आहे, स्टुलासमोर. संध्याकाळी कुकर लावते आणि लसूण सोलायला तिच्यावर बसते. शिट्टी होते. मी उठत नाही.